चवथीला घरी पोचण्याचा हक्क

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आली. आदल्या संध्याकाळी गोव्यातल्या सावईवेरे येथील आमच्या मूळ घरी देवाच्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधायला आम्ही चौघेच होतो, आणि चौघांतला सर्वांत तरुण माणूस पन्नाशी ओलांडलेला होता. लाकडी चौकट वाशांना टांगलेली होती आणि खाली केळीच्या पानांवर सारा माल मांडून ठेवला होता: नारळांचा घड, सुपारीचा घड, केळ्यांचा घोस, तोरिंजन, चिबूड, निरफणस, आंबाडे, कांगले, घागऱ्या, कवंडळे. केवणीची साल भिजवून तिचे दोर काढण्याचे काम आमच्याकडे धाकटे काका करतात. दोर ओल्या हाताने ताणून पाहायचा, जड फळे आधी आणि हलकी नंतर अशा क्रमाने चौकटीच्या दोन्ही बाजूंचा तोल राखत जायचे, सुपारीच्या घडाला कधीही मधोमध गाठ मारायची नाही, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवले आणि त्यांनी मला दाखवले. मी ज्याला दाखवायचे तो माझा पुतण्या त्या वेळी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत यंत्रासमोर उभा होता.

तो रात्री साडेबाराला घरी पोचला. चवथीचा दिवस त्याला सुट्टीचा मिळाला. पंचमीला पहाटे पहिली पाळी होती, म्हणून अंधारातच तो फोंड्याला कंपनीची बस गाठायला निघून गेला. आमचा गणपती दीड दिवसाचा. पंचमीच्या संध्याकाळी गणपती पोचवायला तळीवर जाताना मूर्ती उचलणाऱ्यांत तो नव्हता आणि त्याच्या वयाचा घरातला दुसराही कोणी नव्हता.

गोव्यात सर्वांत कमी मुक्काम करणारा गणपती दीड दिवसाचा असतो. बहुतेक खासगी कारखाने, हॉटेले आणि दुकाने चवथीसाठी जी सुट्टी देतात ती एकाच दिवसाची असते. म्हणजे सर्वांत लहान गणपतीपेक्षाही आपण कामगाराला दिलेली सुट्टी लहान आहे. सरकारी नोकराला पंचमीचीही सुट्टी असते, शाळांना तर चवथीची वेगळी रजाच असते. मग एकाच घरातल्या शिक्षिकेला, तलाठ्याला आणि कारखान्यातल्या मुलाला एकाच देवासाठी वेगवेगळी मापे का, हा प्रश्न मला कौटुंबिक वाटत नाही. तो राज्याच्या धोरणाचा प्रश्न आहे. खासगी क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा, आपापल्या मुख्य सणाला, सलग तीन दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे मला येथे मांडायचे आहे.

चवथ भाद्रपदात का येते याचे धार्मिक उत्तर वेगळे आहे, पण गोव्यातल्या कामाच्या वर्षाकडे पाहिले की ती नेमकी त्याच जागी बसलेली दिसते. जूनच्या पावसाने सरद, म्हणजे पावसाळी, शेती सुरू व्हायची, आषाढात रोवणी, श्रावणात निंदणी, आणि मग कापणी येईपर्यंत हाताला थोडी उसंत. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, खाणींवरचे ट्रक पावसाळ्यात थांबायचे, बांधकामे बंद असायची. घरात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे, सामान मे महिन्यातच भरलेले असायचे: खारे मासे, कोकमाची सोले, मिरची, नारळ, उकडे तांदूळ. म्हणजे माणसे मोकळी होती, कोठार भरलेले होते आणि रानात माटोळीची फळे धरलेली होती. अशा वेळी मुंबईला गेलेला, वास्कोला गेलेला, तारवावर असलेला माणूस घरी यायचा. पंचमीला शेतातली भाताची नवी कणसे आणून देवापुढे ठेवायची, ती नव्याची पंचम. ख्रिस्ती घरांतही ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते आणि तेथेही पहिले कणीस चर्चमध्ये जाते. सण, ऋतू आणि काम या तीन गोष्टी वेगळ्या काढून दाखवता येऊ नयेत इतक्या एकमेकांत विणलेल्या होत्या.

आपल्या पंचांगाने हे विणकाम सैल होऊ नये याची काळजीही घेतली आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी मागे सरकत गेले असते आणि चवथ कधी तरी भर उन्हाळ्यात आली असती. तसे होऊ नये म्हणून तीन वर्षांच्या आत-बाहेर एक अधिक मास घालतात. या वर्षी ज्येष्ठ अधिक आला, म्हणून चवथ १४ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली आहे. सण ऋतूपासून तुटू नये यासाठी वर्षात अख्खा महिना वाढवणाऱ्या समाजाला आज त्याच सणासाठी कामाच्या वेळापत्रकात दोन दिवस वाढवणे जड जात आहे, याचे मला फार वाईट वाटते.

हे का घडले ते सरळ आहे. गोव्यातल्या कामाला आता ऋतू उरलेला नाही. २०११ च्या जनगणनेतच राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी भागात नोंदली गेली होती. पर्यटनाचा हंगाम पूर्वी ऑक्टोबर ते मार्च असा धरला जायचा, आणि आजही समुद्रकिनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस काढावे लागतात, पण त्यांच्या मागची हॉटेले बंद होत नाहीत. पावसातला गोवा, धबधब्यांचा गोवा अशी वेगळी जाहिरात होते. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि येणाऱ्यांची वाट आणखी रुंद झाली. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास भरलेल्या या राज्यात २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटक आले. त्यांच्यापैकी कोणाचीही काही चूक नाही. मात्र त्यांच्यासाठी चादर बदलणारी, गाडी चालवणारी, मासे तळणारी माणसे कोणत्या तरी घरची आहेत आणि त्या घरांत चवथ आहे, ही गोष्ट हंगामाचे नियोजन करताना कोणाच्या तक्त्यात येत नाही.

कारखान्यांचे तसेच आहे. वेर्णे, कुंडई, मडकई, पिसुर्ले येथील वसाहतींत यंत्रे तीन पाळ्यांत चालतात आणि यंत्राला श्रावण-भाद्रपद ठाऊक असण्याचे कारण नाही. गोव्याचा दुकाने व आस्थापना कायदा १९७३ सालचा. रात्रभर संगणकासमोर बसून दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलणारा कर्मचारी, किंवा मोबाइलवर आलेल्या हाकेसरशी भर पावसात जेवणाचा डबा घेऊन धावणारा मुलगा, त्या वेळी कोणाच्या कल्पनेतही नव्हता. काम बदलले, कामगार बदलला, सुट्टीचा विचार मात्र तेथेच राहिला.

बाहेरचे ऋतूही आता पूर्वीचे नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, त्याच वर्षी जुलैत म्हादई नदीच्या पुराने सत्तरी तालुक्यात घरे पाडली. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच पोचला. सोले वाळवायला घातलेल्यांची धांदल उडाली, खारे उन्हात टाकलेल्यांचे नुकसान झाले, मिठागरांचा शेवटचा हंगाम बुडाला. अशा वेळी ज्या ज्ञानावर आपण वर्षानुवर्षे जगलो, की कोणते फळ कधी धरते, कोणत्या बांधाला कधी माती लागते, ते ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याची जागा कोणती? शाळेत ते शिकवले जात नाही. माटोळीखाली बसून काका जेव्हा म्हणतात की यंदा कांगले उशिरा धरले, घागऱ्या दोनच ठिकाणी मिळाल्या, पूर्वी आमच्या कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेलाच असायच्या, तेव्हा हवामानातला बदल आमच्या घरात पहिल्यांदा शब्दांत येतो. ऐकायला मात्र चौघे पन्नाशीपुढचे असतात.

आपल्या राज्याला कामाच्या मध्ये थांबता येत नाही असे कोणी म्हणू नये. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. ट्रॉलर जेटीला लागतात, खलाशी आपापल्या राज्यांत, आपापल्या घरी जातात, मालकांचे कर्जाचे हप्ते चालूच असतात, आणि तरीही कोणी ही बंदी अव्यवहार्य आहे असे म्हणत नाही, कारण थांबलो नाही तर पुढे जाळ्यात काही लागणार नाही हे सर्वांना कळलेले आहे. माशांसाठी ६१ दिवस थांबण्याचे शहाणपण ज्या कायद्यात आहे, त्याच्या शेजारी माणसांसाठी तीन दिवसांचे कलम बसवणे अवघड नाही.

मला सर्वाधिक वेळा ऐकावे लागते ते असे की ज्याला जायचे आहे त्याने आपली हक्काची रजा टाकावी. माझ्या पुतण्याने ती टाकली होती, जुलैमध्येच. त्याच विभागातल्या नऊ जणांनी टाकली होती आणि दोघांची मंजूर झाली. रजा मंजूर करणारा माणूस वाईट नव्हता, त्याला यंत्रे चालू ठेवायची होती. प्रत्येकाने एकेकट्याने मागितलेली रजा आणि सर्वांना आधीपासून ठाऊक असलेली रजा यांत हाच फरक आहे. पहिलीत कामगार कामगाराशी स्पर्धा करतो आणि ज्याची नोकरी कंत्राटी आहे तो मागतच नाही. दुसरीत व्यवस्थापनाला वर्षाच्या सुरुवातीलाच उत्पादनाची आखणी त्या दिवसांभोवती करावी लागते. चवथ काही अचानक येत नाही. पुढच्या कित्येक वर्षांच्या चवथीच्या तारखा आजच छापून देता येतात.

रुग्णालये, वीज, पाणी, अग्निशमन, विमानतळ आणि पाहुणे मुक्कामाला असलेली हॉटेले बंद ठेवता येणार नाहीत, हे खरेच आहे, आणि मी ती बंद ठेवा म्हणत नाही. तेथे निम्म्यांना चवथीला आणि निम्म्यांना दुसऱ्या सणाला ही रजा देता येईल, पण आळीपाळी दोन महिने आधी लावली गेली पाहिजे आणि ज्याला या वर्षी घरी जाता आले नाही त्याचा पुढच्या वर्षी पहिला हक्क राहिला पाहिजे. शिवाय गोव्यात काम करणारे सगळे चवथ करणारे नाहीत. नाताळ आहे, गावचे फेस्त आहे, ईद आहे, ओडिशा-झारखंडहून आलेल्या बांधकाम मजुरांचे त्यांच्या गावाकडचे सण आहेत, आणि तीन दिवसांत ती माणसे घरी पोचूही शकत नाहीत, म्हणून त्यांना ही रजा दुसऱ्या रजेला जोडून घेण्याची मोकळीक हवी. सण कोणता ते कामगाराने ठरवावे. या कायद्याचा हेतू माणूस आपल्या माणसांत पोचावा एवढाच असला पाहिजे.

केरळ हेही पर्यटनावर जगणारे राज्य आहे, आणि तेथे ओणमच्या दिवसांत राज्याचा कारभार सणाच्या चालीने चालतो. औद्योगिक आस्थापनांतील राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचा वेगळा कायदा त्या राज्याने १९५८ सालीच केला. तरी तेथील पर्यटन मोडले नाही. उलट पर्यटक ओणम पाहायला जातात, कारण तेथे तो साजरा करणारी माणसे घरी असतात. गोव्यातही चवथीच्या दिवशी पणजीचे आणि म्हापशाचे रस्ते ओस पडतात, खासगी बसचे चालक-वाहक आपापल्या गावी गेलेले असतात आणि बस मिळत नाही म्हणून तक्रार करणारा कोणी नसतो. थांबण्याची सवय आपल्या अंगात अजून आहे. ती एका दिवसावर आक्रसत आली आहे, एवढेच.

एक आक्षेप मात्र मला मनापासून विचारात घ्यावा लागतो, आणि तो माझ्या वहिनीने घेतला. ती म्हणाली, "भावजी, तीन दिवसांची सुट्टी म्हणजे तुम्हां पुरुषांना तीन दिवस बसायला आणि आम्हांला तीन दिवस रांधायला." मी तिला उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्या रात्री ती आदोळीवर बसून अठरावा नारळ किसत होती. खतखत्याच्या भाज्या चिरून परातीत पडल्या होत्या, नेवऱ्यांचे सारण थंड व्हायला ठेवले होते, आणि रात्रीचे अकरा वाजले तरी तिने पाठ भिंतीला टेकवली नव्हती. चाळीस माणसांच्या पंगतीचे काम पूर्वी दहा-बारा बायकांत वाटले जायचे. आता सुना नोकऱ्या करतात, त्यांनाही एकच दिवस मिळतो, आणि जी घरी राहते तिच्यावर दहा जणींचे काम येते. म्हणून हा आक्षेप मला रजेच्या विरोधातला वाटत नाही. मुलगे, सुना, जावई आदल्या दिवशीच घरात हजर असतील तर आदोळीसमोर पाळी लावता येईल. आमच्या घरात ती लावायचे आम्ही त्या रात्रीच ठरवले आणि उरलेले नारळ मी आणि माझ्या धाकट्या भावाने किसले. वहिनीच्या हाताची सफाई आमच्या हाताला नव्हती, पण खोबरे झाले. ज्या घरात पुरुष चवथीला पत्त्यांचा डाव मांडून बसतात तेथे कायद्याने दिलेली रजा बायकांच्या वाट्याला कष्ट होऊनच येईल, आणि ते बदलणे सरकारच्या हातात नाही, ते आपल्याच घरचे काम आहे.

काही जण म्हणतात, मूळ घरेच मोडत आहेत, मग रजा कशाला? घरे मोडत आहेत हे मी नाकारत नाही. समान वारसा देणाऱ्या आपल्या कायद्यामुळे एकेका घराला वीस-वीस मालक आहेत, इन्वेंतार, म्हणजे वाटणीचा कोर्टातला दावा, वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि कित्येक घरे फक्त चवथीला उघडतात. पण म्हणूनच ते दोन-तीन दिवस मोलाचे आहेत. गळणारे कौल, कुळागराची पाटाची दुरुस्ती, कोणाच्या मुलीचे शिक्षण, कोणाचे आजारपण, भावाभावांतली अबोल्याची दोन वर्षे, हे सारे समोरासमोर बसल्याशिवाय सुटत नाही आणि एका दिवसात त्याला हात घालता येत नाही. पहिला दिवस पूजेत आणि पंगतीत जातो. बोलणे होते ते पंचमीच्या दुपारी, जेवणे झाल्यावर, वळईत चटया टाकून आडवे झाल्यावर. त्याच दुपारी आमची तरुण मुले कामावर असतात.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. घरात मूर्ती ठेवणे जिवावर बेतण्याचे ते दिवस होते. आजही काही घराण्यांत कागदावरच्या गणपतीची किंवा पत्रीची पूजा होते आणि ती त्या काळाची खूण मानली जाते. एवढ्या धाकातही माणसे दारे लावून का होईना, एकत्र जमली. आज धाक कोणाचाच नाही. सरकार आपल्या परीने कौतुकही करते. माटोळीच्या स्पर्धा होतात, २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. परंतु घुमट वाजवायला हात लागतात, शामेळ आणि कासाळे या साथीच्या वाद्यांशी त्याची लय जुळायला चार रात्री एकत्र बसावे लागते, आणि त्या चार रात्री ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी ते वाद्य खुंटीवरच राहते. वारशाला मान देणाऱ्या सरकारने वारसदाराला वेळही द्यावा, असे मागणे अवाजवी नाही.

या मागणीवर विधानसभेत एखादे विधेयक यावे, कामगार संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी एकत्र बसून त्याची कलमे ठरवावीत, छोट्या दुकानदाराला आणि दहा माणसांच्या कारखान्याला झेपेल अशी सवड त्यात असावी. कंत्राटी कामगाराची रजा मुख्य मालकाच्या खात्यावर धरली जावी, नाही तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहील. या शेवटच्या मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

आमच्या घरात गणपतीची पाळी तीन भावांच्या शाखांत फिरते, आणि यंदा ती आमच्याकडे आहे. चवथ सोमवारी. माटोळी रविवारी बांधायची, आणि त्याआधीच्या रविवारी, ६ सप्टेंबरला, काकांबरोबर रानात जाऊन केवणीची साल आणायची. काका आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि चढ चढताना त्यांना हात द्यावा लागतो. पुतण्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, यायची इच्छा आहेच, पण सप्टेंबरचा पाळ्यांचा तक्ता ऑगस्ट संपल्यावरच लागतो." मी केवणीच्या जाळीची वाट एका कागदावर काढून ठेवली आहे, पाटाच्या वरच्या अंगाला, दोन आंबाड्यांच्या मधून.